‘सहकार्य करावे’ म्हणजे नेमके काय करावे? : कोल्हापुरातील शाळांना आणि शिक्षक-पालक संघांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका,
तसेच शिक्षक-पालक संघांचे आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे पदाधिकारी,
कोल्हापूर शहर व परिसर.

विषय : पालक स्वयंसेवक मिळत नाहीत या आपल्या तक्रारीबाबत.

स.न.वि.वि.

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की आपल्याकडून एक सूचना घरी येते. मुलाच्या वहीत चिकटवलेली असो वा मोबाइलवर पाठवलेली, तिचे शब्द गेली कित्येक वर्षे जवळजवळ तेच आहेत : शिक्षक-पालक संघाची सभा अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता आहे, तरी सर्व पालकांनी उपस्थित राहून सहकार्य करावे. सभेला निम्म्या घरांतूनही कोणी येत नाही, जे येतात ते दाराजवळच्या बाकांवर बसतात, आणि ‘कार्यकारी समितीसाठी कोण इच्छुक आहे’ असे विचारल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागतात. मग आपण शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य बोलता, जे आम्हा पालकांच्याही कानावर येतेच : हल्लीच्या पालकांना शाळेचे काही पडलेले नाही. या वाक्याविषयी मला थोडे लिहायचे आहे, कारण ते खरे नाही असे माझे मत आहे, आणि ते खरे मानून चालल्यामुळे आपल्या हातून दरवर्षी तीच चूक होते असेही मला वाटते.

माझी ओळख एवढीच की उद्यमनगरात माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे, दोन मुले शाळेत आहेत आणि त्यांच्या शाळेच्या शिक्षक-पालक संघात मी पाच वर्षे काम केले, त्यांपैकी दोन वर्षे सहसचिव म्हणून. पालक गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या वर्षी ते मला अजिबात जमले नाही आणि नंतर बऱ्यापैकी जमले. या दोन्हींच्या मधल्या फरकाचा हिशेब आपल्यासमोर ठेवतो.

कोल्हापूरच्या माणसाला सार्वजनिक कामाचा कंटाळा आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. पेठेपेठेतली तालीम मंडळे पगारी माणसांवर चालत नाहीत. गणपतीच्या दहा दिवसांत मांडवाचा खांब रोवण्यापासून विसर्जनाच्या रात्री ट्रॅक्टरपुढे चालण्यापर्यंतची सगळी कामे जी मंडळी करतात, त्यांतले बहुतेक कोणाचे ना कोणाचे बाप असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून थेट ५५ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा कोरड्या भागातल्या घराघरांतून भाकऱ्या थापल्या गेल्या आणि पूरग्रस्तांच्या निवाऱ्यांवर पोहोचल्या. त्यासाठी कोणी नोटीस काढली नव्हती. जोतिबाच्या चैत्र यात्रेला वाटेवर उभे राहून भाविकांच्या दुचाकी फुकट दुरुस्त करून देणारे मेकॅनिक आपण पाहिले असतील. आणि शाळेची आस्था म्हणाल, तर ज्या करवीर संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांना प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करताना मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवावा लागला होता, त्याच गावात आज जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. रात्रभर रांगेत बसणारा माणूस शाळेच्या गेटातून आत आला की उदासीन कसा होतो, हा प्रश्न आपण स्वतःला एकदा विचारावा.

माझे उत्तर माझ्या धंद्यातून आले आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘काहीतरी चांगला जॉब करून द्या’ असे म्हणाले, तर मी मशीन चालू करणार नाही. मला ड्रॉइंग लागते, माप लागते, नग किती हवेत ते लागते आणि कोणत्या दिवशी न्यायला येणार ते लागते. एवढे मिळाले की जमणार असेल तर मी हो म्हणतो आणि जमणार नसेल तर तोंडावर नाही सांगतो. ‘सहकार्य करावे’ या मागणीत माप नाही, नग नाही आणि तारीखही नाही. ती ऐकणाऱ्या पालकाला आपण नक्की कशाला हो म्हणत आहोत हे कळत नाही, आणि ज्या गोष्टीचा अंत दिसत नाही तिला शहाणा माणूस हो म्हणत नसतो. जोतिबाच्या वाटेवरच्या मेकॅनिकला कोणी ‘यात्रेस सहकार्य करा’ असे सांगून उभे केलेले नाही. त्याचे काम त्याला माहीत आहे, त्याची हत्यारे त्याच्याजवळ आहेत आणि यात्रा संपली की तो मोकळा आहे.

पहिल्या वर्षी मीही आपल्याच चालीने गेलो. स्नेहसंमेलनाच्या आधी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी निरोप टाकला की कार्यक्रमासाठी स्वयंसेवक हवे आहेत, इच्छुकांनी नावे कळवावीत. त्या निरोपाला अंगठे पुष्कळ आले, हात जोडलेलेही आले, एका गृहस्थांनी गुलाबाचे फूल पाठवले. नावे आली ती दोन, आणि त्यांतले एक माझ्या सख्ख्या मेहुण्याचे होते. त्या वर्षी खुर्च्या मांडण्यापासून मुलांना पाणी देण्यापर्यंतची सगळी कामे शिक्षिकांनी केली, मी रात्री साडेबारापर्यंत सतरंज्या गुंडाळल्या आणि घरी येऊन बायकोला तेच वाक्य ऐकवले, की पालकांना काही पडलेले नाही. ती म्हणाली, ‘तुम्ही मला तरी विचारलं का?’ तिला मी खरोखरच विचारले नव्हते. ती त्याच गटात होती आणि तिनेही अंगठा पाठवला होता.

पुढच्या जूनमध्ये मी दोनशे पानी वही घेतली. आधी शिक्षकांकडे गेलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुमच्या हातातले असे कोणते काम दुसऱ्या कोणी केले तर तुम्हाला शिकवायला वेळ मिळेल? हे विचारणे मला आजही सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पालकांना काय काम द्यायचे हे बहुतेक शाळांत ठरवलेलेच नसते. माणसे आली तर त्यांना कुठे बसवायचे, हाच प्रश्न असतो. शिक्षकांनी सांगितलेली कामे ऐकून मी चकित झालो. स्नेहसंमेलन त्यांत खाली कुठेतरी होते. ग्रंथालयातली दोन कपाटे पुस्तके पुठ्ठ्याअभावी मुलांच्या हाती देता येत नव्हती. पहिलीच्या वर्गात अकरा मुले अशी होती की त्यांच्याजवळ बसून कोणी रोज दहा मिनिटे गोष्ट वाचून घेतली तर ती महिन्याभरात पुढे सरकली असती, पण पंचेचाळीस मुलांच्या वर्गात बाईंना ते शक्य नव्हते. चौथीच्या खोलीतले बाक हलत होते. शाळा सुटताना गेटाबाहेर रिक्षा, दुचाक्या आणि मुले यांची जी कोंडी व्हायची, ती सोडवायला रोज एका शिक्षकाला वीस मिनिटे रस्त्यावर उभे राहावे लागत होते.

ही कामे मी वहीत लिहिली, एका पानावर एक. प्रत्येक पानावर कामाचे नाव, किती वेळाचे, कोणत्या दिवसाचे, किती जणांचे, आणि काम कधी संपणार ते लिहिले. मग आठवडाभर शाळा सुटण्याच्या वेळी गेटाजवळ उभा राहिलो. मी कोणालाही ‘सहकार्य करा’ असे म्हटले नाही. वही उघडून विचारायचो, ‘यातलं कुठलं पान तुम्हाला जमंल?’ माणसे पाने उलटायची. कोणी नाही म्हणायचे, आणि ते ऐकायलाही बरे वाटायचे, कारण ते विचार करून आलेले उत्तर होते. शनिवारपर्यंत बहुतेक पाने भरली.

त्या वहीत कोण आले ते सांगितले पाहिजे. आदल्या वर्षीच्या सभेला यांतले बहुतेक जण आले नव्हते. एका पालकांचे चपला शिवण्याचे काम आहे. ते म्हणाले, ‘सर, मला वाचता येतंय जेमतेम, मी काय करू शाळेत?’ वहीत त्यांच्यासाठी पान नव्हते. त्यांनीच समोरून जाणाऱ्या एका मुलाच्या दप्तराचा तुटलेला बंद हातात धरला आणि म्हणाले, हे मी शिवू शकतो. महिन्यातून एका शनिवारी दोन तास ते आरी, दोरा घेऊन व्हरांड्यात बसू लागले आणि मुले रांग लावून आपली दप्तरे त्यांच्यापुढे ठेवू लागली. लक्ष्मीपुरीत भाजी विकणाऱ्या एका मातेने पुस्तकांना पुठ्ठे घालण्याचे पान घेतले, कारण ते काम दुपारी घरी बसून करता येत होते. चाळीस पुस्तके पिशवीत घालून न्यायची आणि आठवड्याने परत आणायची. या दोघांनाही आपल्या सूचना दरवर्षी पोहोचत होत्या. त्या आपल्यासाठी आहेत, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातली मुले जगवण्यासाठी त्यांनी जो मुष्टिफंड चालवला, त्याची गोष्ट आपण मुलांना त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती मागण्याच्या पद्धतीची गोष्ट वाटते. घरातल्या बाईला रोज दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढायला सांगितले होते. मूठ म्हणजे किती, हे तिला माहीत होते. गरीब घरालाही ती परवडत होती. आणि साठलेले धान्य न्यायला संस्थेचा माणूस दारात येत होता. पोते मागितले असते तर पाटलाच्या वाड्याबाहेर कोणी दिले नसते. आपण मात्र दरवर्षी पोतेच मागतो, तेही ‘पोते’ हा शब्द न उच्चारता.

आता कायद्याकडे वळतो, कारण कायद्यातल्या समित्या आणि स्वयंसेवक यांची आपल्याकडे फार गल्लत होते. खासगी शाळांसाठी २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तो स्थापन व्हावा लागतो, शाळेतला प्रत्येक शिक्षक आणि प्रत्येक मुलाचा पालक त्याचा सदस्य असतो, आणि कार्यकारी समितीतले पालक हे इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. चिठ्ठ्यांची ही तरतूद मला फार आवडते, कारण तिच्यामुळे मुख्याध्यापकांच्या ओळखीची माणसेच समितीत बसण्याला आळा बसतो. पण चिठ्ठ्या टाकायला इच्छुक जास्त आणि जागा कमी असाव्या लागतात. मी पाहिलेल्या सभांत बऱ्याचदा उलटे असते. जागा मोकळ्या राहतात, मग कोणाला तरी भरीस घालून चिठ्ठीत नाव टाकले जाते आणि चिठ्ठी उघडल्यावर सगळे टाळ्या वाजवतात. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या निम्म्या महिलांपैकी कितीजणींना सभेचा विषय आधी कळवलेला असतो आणि कितीजणी नवऱ्याने सांगितले म्हणून रजिस्टरवर सही करून जातात, हे आपण मला सांगण्याची गरज नाही.

या समित्या देखरेखीसाठी आणि निर्णयासाठी आहेत. शाळेचा विकास आराखडा, अनुदानाचा वापर, शुल्क, हे त्यांचे विषय. बाकांचे बोल्ट आवळायला समितीचा सदस्य असावे लागत नाही, आणि जो बोल्ट आवळायला येतो त्याला समितीत बसायचेच असते असेही नाही. आपण मात्र सभेत एकदमच विचारतो, ‘पुढे कोण येणार?’, आणि घाबरलेल्या पालकाच्या डोळ्यांपुढे पद, सह्या, जबाबदारी आणि भांडणे असे सगळे एकाच वेळी उभे राहते. समितीसाठी इच्छुक विचारायचे ते वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या शब्दांत विचारावेत. माझा अनुभव असा की ज्यांनी वर्षभर एखादे छोटे काम केले, त्यांतलेच काहीजण पुढच्या जूनमध्ये आपणहून चिठ्ठीत नाव टाकतात, आणि मग ती चिठ्ठी खरी चिठ्ठी होते.

पैशांचेही असेच. अधिनियमाने संघाच्या सदस्यत्वाची वार्षिक रक्कम शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात २० रुपये ठेवली आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पण ज्या सभेत स्वयंसेवक मागायचे त्याच सभेत संगणक कक्षासाठी ऐच्छिक देणगीचा विषय काढला, तर पुढच्या सभेला माणसे येणार नाहीत. ‘मीटिंग म्हणजे खिशात हात’ असे आमच्या रिक्षावाल्या मामांनी मला ऐकवले होते, आणि त्यांना खोटे पाडण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. देणगी मागायला हरकत नाही. फक्त ती स्वयंसेवेच्या कागदावर मागू नये.

वेळेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे आपण आपल्याच गावाला विसरतो. सकाळी अकराची वेळ शाळेला सोयीची असते, पण फाउंड्रीत पहिल्या पाळीला गेलेल्या माणसाला त्यासाठी रोजावर पाणी सोडावे लागते. संध्याकाळी सहाची ठेवावी, तर उपनगरांत आणि भोवतालच्या खेड्यांत ती डेअरीला दूध घालायची वेळ असते. पन्हाळा, राधानगरी भागातल्या शाळांनी जुलैत सभा ठेवायची आणि रोपलावणीच्या चिखलातून पालक आले नाहीत म्हणून ते उदासीन आहेत असा शेरा मारायचा, हे न्यायाचे नाही. शहरात गणेशोत्सवाचे पंधरा दिवस सोडून द्यावेत, ऊस तोडणीच्या हंगामात ज्यांचा ऊस जायचा आहे त्यांना काही विचारू नये. यावर उपाय म्हणून एकच आदर्श वेळ शोधण्याच्या फंदात पडू नये, ती सापडत नाही. कामे वेगवेगळ्या वेळांची ठेवावीत. काही घरी नेता येणारी, काही शनिवारची, काही शाळा सुटतानाच्या वीस मिनिटांची, कारण तेव्हा पालक तसेही गेटावर उभे असतात. आमचे गेटासमोरचे पान सर्वांत आधी भरले. आठवड्याचे सहा दिवस सहा जणांनी वाटून घेतले. त्यात दोन आज्याही होत्या, आणि सांगायला हरकत नाही की रिक्षावाले शिक्षकांपेक्षा आज्यांचे जास्त ऐकतात.

शिक्षकांच्या मनातली एक अढीही मला समजते. मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत त्यांचा दिवस आधीच फाटलेला असतो, आणि त्यात पालक वर्गात आला की तो मदत करायला आला की तपासणी करायला, हे कळत नाही. ही भीती निराधार नाही. आमच्याकडे एका पालकांनी वाचन घेण्याचे पान घेतले आणि तिसऱ्या दिवशी बाईंना शिकवण्याची पद्धत समजावून सांगायला सुरुवात केली. त्यानंतर आम्ही वहीच्या पहिल्याच पानावर चार ओळी लिहून टाकल्या. आपल्या स्वतःच्या मुलाच्या वर्गात काम घ्यायचे नाही. गुण, वह्या, इतर मुलांच्या घरची माहिती याबद्दल विचारायचे नाही आणि बाहेर बोलायचे नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. कोणत्याही मुलाला एकट्याने बंद खोलीत किंवा शाळेबाहेर न्यायचे नाही. वाचन घ्यायचे ते व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर. ही शेवटची ओळ आणि नोंदवहीत सही करणे काही पालकांना अपमानकारक वाटले होते. पण शाळेत येणारा मोठा माणूस कोण आहे, कधी आला आणि कधी गेला, याची नोंद ठेवण्यात कोणाचाही अपमान नाही, आणि ज्याला नोंदवहीत सही करायची नाही त्याचे काम शाळेला नको, असे मुख्याध्यापिकांनी ठामपणे सांगितले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीपुढे येणाऱ्यांची ही यादी ठेवली की पुढे शंकेला जागा राहत नाही.

पालकांच्या बाजूची भीती याच्या उलटी आहे आणि ती कोणी सभेत बोलून दाखवत नाही. ‘आपण पुढं गेलो, काही बोललो, तर उद्या लेकराला त्रास’, असे मला निदान पंधरा जणांनी कानात सांगितले असेल. त्याला माझ्याजवळ एकच औषध होते. पहिली कामे अशी द्यावीत की ज्यांत बोलण्याचा प्रश्नच येत नाही. चार शनिवार बोल्ट आवळून झाले की माणसाला शिपाईमामांचे नाव माहीत होते, बाई त्याला चहा विचारतात, आणि मग नळाला पाणी येत नाही हे तो सहज सांगून जातो. तोच माणूस सभेत उठून कधी बोलला नसता.

आमच्या चुकाही नोंदवतो. एका वर्षी एका अतिशय तडफदार मातेने तीन पाने घेतली, ती वेळेवर पूर्ण केली, म्हणून आम्ही तिला चौथे दिले आणि मग पाचवे. चालत्या बैलालाच पराणी टोचावी तसे झाले. जानेवारीत तिने सगळे सोडले आणि पुढे ती सभेलाही आली नाही. तिचे चुकले नाही. तेव्हापासून एका घराला एका सत्रात एकच पान, हा नियम केला. दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे. वायरिंगचे काम करणारे एक पालक अर्ध्या दिवसाची रजा टाकून सभागृहातले पंखे पाहायला आले, तेव्हा सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नव्हते. ते व्हरांड्यात तासभर बसले, शिपायाने त्यांना दोनदा ‘कोण पाहिजे?’ असे विचारले, आणि ते निघून गेले. नंतर मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा पाजला, पण ते पुन्हा आले नाहीत. माणूस बोलावणे सोपे असते. तो येईल तेव्हा किल्ली, सामान आणि त्याची वाट पाहणारे एक माणूस तयार ठेवणे हे शाळेचे काम आहे, आणि ते कोणा एकाच्या नावावर लिहिलेले असले पाहिजे. आता प्रत्येक पानावर शेवटी ‘किल्ली कोणाकडे’ अशी ओळ असते.

आभारांबद्दल मी फार लिहीत नाही. शाल-श्रीफळाचा खर्च टाळावा. ज्या मुलांसाठी काम झाले त्यांनी लिहिलेली चिठ्ठी पुरते, आणि पुठ्ठे घातलेल्या पुस्तकांच्या आतल्या पानावर पुठ्ठा घालणाऱ्याचे नाव लिहिण्याची कल्पना आमच्या ग्रंथपालबाईंची होती, ती आपणही उचलावी. भाजी विकणाऱ्या त्या मातेच्या मुलाने तशी सहा पुस्तके ग्रंथालयातून नेली, वाचली की नाही ते माहीत नाही.

तेव्हा आपल्याला माझी विनंती अशी आहे की यंदाची सूचना पाठवण्यापूर्वी ती थांबवावी. आधी शिक्षकांना तो एक प्रश्न विचारावा, उत्तरांतून दहा-बारा कामे निवडावीत आणि त्यांना माप द्यावे. मग सूचनेच्या कागदावर ती कामेच छापावीत, समोर नाव लिहायला रेघ सोडावी, आणि मुख्याध्यापकांनी किंवा संघाच्या सचिवांनी स्वतः आठवडाभर गेटावर उभे राहावे. व्हॉट्सॲपवर आठवण पाठवावी, मागणी पाठवू नये. वडिलांचा नंबर शाळेकडे आहे म्हणून आईला विचारायचे राहू नये. तिला वेगळे विचारावे, आणि आजी-आजोबांनाही. सगळी पाने भरतील असे मी म्हणत नाही. आमची कधीच सगळी भरली नाहीत, स्वच्छतागृहांच्या पाहणीचे पान तर तीन वर्षे कोरेच होते, आणि ते काम अखेर समितीलाच आपल्याकडे घ्यावे लागले, जे योग्यच झाले.

कोणत्याही शाळेला आमच्या वहीचा नमुना हवा असेल, तर तो नेण्यास हरकत नाही. संघाच्या सध्याच्या सचिवांनी तो शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. यंदाची वही गेल्या सोमवारी उघडली. चौथीच्या खोलीतले बाक पुन्हा हलू लागले आहेत. दुसरा शनिवार, सकाळी आठ ते दहा, माणसे दोन, स्पॅनर आणि बोल्ट शाळेत आहेत, किल्ली शिपाईमामांकडे. पहिल्या ओळीवर मी माझे नाव लिहिले आहे. दुसरी ओळ हे पत्र लिहीपर्यंत रिकामी आहे.

आपला,
एक पालक
(माजी सहसचिव, शिक्षक-पालक संघ)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर